केडगावची कमांडो छावणी

युद्धकाळी पलटणीच्या अंमलदारांचे समूह-छायाचित्र काढण्याचा जो शिरस्ता ब्रिटिश फौजेत होता, त्यात मध्यभागी खुर्चीवर कर्नल, त्याच्या दोहों बाजूंस मेजर व कॅप्टन आणि मागे वा कडेला कोवळ्या वयाचे लेफ्टनंट, अशी हुद्द्यांची उतरंड काटेकोरपणे पाळली जाई. परंतु कमांडो पलटणींच्या छायाचित्रांत हिरवी टोपी सर्वांची एकच असूनही तीवरील बिल्ले पुष्कळदा निरनिराळ्या रेजिमेंटांचे दिसतात, कारण १९४० साली चर्चिल यांच्या आग्रहाने उभी राहिलेली ही फौज ठिकठिकाणांहून स्वेच्छेने आलेल्या माणसांची होती, आणि मूळ पलटणीत परत पाठवणी होणे हीच तिच्यात सर्वांत मोठी नामुष्की समजली जाई.

या फौजेची जी ब्रिगेड पुढे तिसरी कमांडो ब्रिगेड म्हणून नावारूपास आली, तिच्या पलटणी ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानात आल्यावर पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी छावणी करून राहिल्या होत्या, ही गोष्ट पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आणि नारायण महाराजांचे बेट यांमुळे केडगाव ओळखणाऱ्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

जानेवारी १९४५ मध्ये ही ब्रिगेड आराकानातील कांगाव येथे उतरली, आणि जपान्यांच्या माघारीचा रस्ता ज्या टेकडीच्या टप्प्यात येत होता ती १७० क्रमांकाची टेकडी तिने व्यापली. ३१ जानेवारीस शत्रूने टेकडीवर निकराचा हल्ला चढविला, तेव्हा अवघ्या चोवीस जवानांनिशी अग्रभाग राखणारा बावीस वर्षांचा लेफ्टनंट जॉर्ज नोलंड उघड्यावर येऊन दोन इंची मॉर्टर कमरेशी धरून डागीत राहिला, आणि शेवटी जखमी सोबत्याची टॉमीगन हाती घेऊन लढता लढता पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पलटणीच्या छायाचित्रात कडेला उभे राहण्याच्या हुद्द्याचा हा मनुष्य त्या दिवशीच्या लढाईत सर्वांत पुढे होता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

त्याच कांगावच्या रणक्षेत्रावर कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आपली पंजाब पलटण घेऊन शेजारी लढत होते, व त्यांनाही तेथील पराक्रमाबद्दल डी. एस. ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा किताब लाभला. तरीही मराठीत या लढाईचा उल्लेख क्वचितच येतो, ही उणीव मनाला लागते.

केडगाव-दौंड भागातील वा माजी सैनिकांच्या घरांतील पेट्यांत युद्धकाळातील पलटणींची अशी समूह-छायाचित्रे अद्याप असतील, तर चेहरे ओळखणारे वृद्ध हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे, हुद्दे आणि गावे विचारून ती प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर लिहून ठेवावीत, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.