आमच्या इतिहासाचा खर्च कोणी उचलला?



सुक्कोथच्या सुट्टीत आमच्या बहिणीची नात चार दिवस लोदला आमच्याकडे राहायला आली होती. तिचं एम.ए. झालं आहे. आता तिला पीएच.डी. करायची आहे, आणि विषय निवडला आहे आपल्या बायकांची मराठी गाणी. मेंदीची, पाळण्याची, एलियाहू हन्नाबीची, मलिद्याच्या तयारीला बसल्यावर म्हणायची. आम्हाला आनंद झालाच, पण जेवताना ती अर्धं हिब्रू अर्धं मराठीत म्हणाली, "मावशीआजी, विषय छान आहे असं सगळे म्हणतात. पैशाचं विचारलं की सगळे गप्प बसतात."

आम्हीही गप्प बसलो. चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या माणसाला संशोधनाच्या पैशातलं काय कळणार? पण ती गेल्यावर प्रश्न मनातून जाईना. आपला इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांच्या तेलवातीचा खर्च कोणी केला? हा लेख त्या शोधातून झाला.

आधी स्वतःपासून सुरुवात करतो. आम्ही नर्स झालो त्याला सेवाभाव हे कारण होतंच, पण खरं कारण स्टायपेंड. साडेतीन वर्षांच्या डिप्लोमात हॉस्टेलची खोली, जेवण, गणवेश आणि महिन्याला हातात थोडे पैसे मिळत. वडिलांना ते परवडलं. शाळेत आम्हाला इतिहास आवडायचा, पण इतिहासाला स्टायपेंड नव्हता. आपल्या समाजातल्या आमच्या पिढीच्या कितीतरी मुली नर्स, शिक्षिका, टायपिस्ट झाल्या. जिथे शिकताना किंवा शिकल्याबरोबर चार पैसे मिळत, तिथे आम्ही गेलो. त्याचं दुःख नाही, पण माणूस काय शिकणार हे पुष्कळदा पैसा ठरवतो, हे तेव्हाच कळलं.

आता हाईम शमुएल केहीमकरांकडे वळू. आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास त्यांनी लिहिला, इंग्रजीत. अलिबागजवळच्या किहीमवरून आलेलं हे आडनाव. १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा उघडणाऱ्यांत तेच पुढे होते. शाळेसाठी त्यांनी देणग्या मागितल्या, लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडून मदत मिळवली. पुढे हाँगकाँग-शांघायच्या सर एली कदुरींच्या देणगीमुळे तीच शाळा माझगावला सर एली कदुरी स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. शाळा हा असा विषय, की डोळ्यांनी दिसतो. दात्याला इमारत दाखवता येते, पाटी लावता येते.

पुस्तकाचं तसं नसतं. केहीमकरांनी इतिहास लिहिला १८९७ साली आणि तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हँगर भारतात येऊन गेले आणि त्यांच्या संपादनाखाली हे पुस्तक निघालं. मध्ये चाळीस वर्षं गेली. केहीमकर छापील पुस्तक पाहायला राहिले नाहीत. आज आपल्यावर जो कोणी लिहितो, त्याला हे पुस्तक उघडल्यावाचून पुढे जाता येत नाही. हस्तलिखित एखाद्या पावसाळ्यात भिजलं असतं किंवा रद्दीत गेलं असतं, तर काय राहिलं असतं याचा विचार करून पाहा.

बाकी आपल्यावरचं लिखाण बरंचसं दुसऱ्यांच्या पैशाने झालं, आणि प्रत्येक पैशाला स्वतःचा हेतू होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनचा हेतू आपल्याला माहीत आहे. पण त्या पुस्तकामुळे आपल्या माणसांना मायबोलीतून हिब्रू शिकता आलं, हेही खरं. मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह हगादा छापला गेला, तोवर समाज आपल्या पायावर उभा राहिला होता.

दुसरं उदाहरण आमच्या लहानपणचं. रेशनच्या दुकानात अमेरिकन गहू आणि लाल मिलो मिळायची. त्या मिलोची भाकरी कोणाला आवडत नसे. तो गहू 'पी.एल. ४८०' या १९५४ सालच्या अमेरिकन कायद्याखाली येई, आणि भारत त्याची किंमत रुपयांत चुकती करी. ते रुपये भारतातच साठत गेले. १९६२ पासून त्यातल्या काही पैशांतून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. आज शिकागोसारख्या विद्यापीठात बसून मराठीवर संशोधन करता येतं, त्याच्या पायात आमच्या रेशनकार्डावरचा गहू आहे. पैसा कुठून निघतो आणि कुठल्या पुस्तकापर्यंत पोचतो, याचं आम्हाला फार नवल वाटलं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. आयुष्यभर आम्ही लोकांचं रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, लॅबला पाठवलं. २०१६ साली आपल्या समाजाच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि इस्राएलमधल्या संशोधकांनी तो केला, आणि आपल्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा अंश आणि भारताचा अंश दोन्ही आहेत, असं त्यात निघालं. घरोघरी तो लेख फिरला. आमच्या एका शेजाऱ्यांनी त्याची प्रत लॅमिनेट करून घेतली.

त्यांना आम्ही हसलो नाही. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने, आपल्यापैकी कोणाचं लग्न इतर यहुद्यांशी व्हायचं तर पिढ्यांची चौकशी करा, असं फर्मान काढलं होतं. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये कनेसेटने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असं जाहीर केलं, तेव्हा कुठे ते फर्मान बदललं. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना कागदाची किंमत ठाऊक आहे. आपण कोण हे आपल्याला माहीत असून भागत नाही, ते लिहिलेलं असावं लागतं.

पण रक्ताची नळी जेवढं सांगते तेवढंच सांगते. मेंदीच्या रात्री आमची आजी कुठलं गाणं पहिलं म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या तेली पूर्वजांना गावाने काय नाव दिलं, नवगावच्या जुन्या दफनभूमीबद्दल म्हातारी माणसं काय सांगत, हे कुठल्याही नळीत सापडत नाही. त्यासाठी कोणीतरी बसून ऐकावं लागतं, लिहून घ्यावं लागतं. त्या 'कोणीतरी'चं घरभाडं दर महिन्याला भरावं लागतं. मानव्यविद्यांच्या संशोधनाला यंत्र लागत नाही म्हणून लोकांना वाटतं, पैसाही लागत नाही. यंत्र लागत नाही, पण वेळ लागतो, आणि वेळच सगळ्यांत महाग.

नातीने फोनवर आणखी एक अडचण सांगितली. यहुदी इतिहासाच्या निधीवाल्यांना वाटतं, हा भारताचा विषय. भारताच्या निधीवाल्यांना वाटतं, हा यहुद्यांचा विषय. एका ठिकाणी तिला तसं स्पष्टच सांगण्यात आलं. दोन घरचा पाहुणा उपाशी! आम्ही तिला म्हटलं, पाहुणा उपाशी राहतो तो आधी निरोप धाडत नाही म्हणून. दोन्ही घरांना वेळेवर कळव, आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांग. यहुदी अभ्यासाच्या दारात सांग, की पूर्वेकडल्या यहुदी बायकांनी धर्म गाण्यांतून कसा सांभाळला. मराठीच्या दारात सांग, की ओवी आणि कीर्तनाची चाल एका छोट्या समाजाने हिब्रू कथांना कशी लावली. विषय एकच, दारं दोन.

मग तिने आणि आम्ही मिळून वहीत दारं मांडली. ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत, त्यांच्यासाठी इथे लिहितो.

पहिलं दार विद्यापीठाचं आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचं. पीएच.डी.ची मोठी मिलगा बहुधा तिथूनच मिळते, म्हणून मार्गदर्शक आधी आणि अर्ज नंतर. सरकारी पैशातून मानव्यविद्यांच्या पीएच.डी.साठी असलेली नाथान रोटेनस्ट्राइख शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या शिफारशीनेच मिळते. मुलीने परस्पर अर्ज करून उपयोग नसतो.

दुसरं दार संस्थांचं. जेरुसलेमची बेन-झ्वी इन्स्टिट्यूट १९४७ पासून पूर्वेकडल्या यहुदी समाजांवर काम करते आणि संशोधकांना मदत देते. अझरिएली फेलोशिप आहे, पण तिथे स्पर्धा मोठी. मेमोरियल फाउंडेशन फॉर ज्युइश कल्चर ही संस्था नाहुम गोल्डमन यांनी १९६५ साली जर्मनीकडून आलेल्या नुकसानभरपाईच्या पैशातून उभी केली, आणि त्या पैशातून जगभरच्या पीएच.डी. करणाऱ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पैशाची ही वाटही विसरण्यासारखी नाही.

ब्रिटनमध्ये ज्यांची मुलं आहेत, त्यांनी कला आणि मानव्यविद्यांच्या सरकारी संशोधन परिषदेकडे बघावं. तिचा पैसाही विद्यापीठांमार्फतच येतो. तो नाही मिळाला तर इंग्लंडमध्ये २०१८ पासून पीएच.डी.साठी सरकारी कर्ज मिळतं. पण ते कर्ज आहे, बक्षीस नव्हे. घेण्याआधी घरात बसून हिशेब करावा. अमेरिकेतल्या मुलांसाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज आहे. १९६१ साली निघालेली ही संस्था भारतात जाऊन संशोधन करायला फेलोशिप देते, आणि पुण्यात मराठीही शिकवते. ज्या नातवंडांची मराठी 'जेवलास का' इथवरच थांबली आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरं दार लहान रकमांचं. प्रवासाला, रेकॉर्डिंगला, जुनी पानं स्कॅन करायला मोठी फेलोशिप पुरत नाही. तिथे छोटे ट्रस्ट, आपली सिनेगॉग, आपली मंडळं उपयोगी पडतात. शंभर शेकेलची पावती लहान वाटते, पण पुढच्या अर्जात 'समाजाने माझ्यावर विश्वास ठेवला' असं लिहिता येतं. थेंबे थेंबे तळे साचे.

आणि तारखा! बऱ्याच ठिकाणी पैसा हवा त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी अर्ज द्यावा लागतो. औषध चांगलं असून उपयोग नाही, वेळेवर पडलं पाहिजे, हे आम्ही वॉर्डात रोज सांगायचो.

हे होत नाही असं कोणी म्हणू नये. कोचीनच्या यहुदी बायकांची मल्याळी गाणी त्यांच्या वह्यांमध्ये होती. संशोधक घरोघर गेले, वह्या जमवल्या, म्हाताऱ्या बायकांना गायला लावलं. २००४ साली हिब्रू विद्यापीठाच्या यहुदी संगीत संशोधन केंद्राने त्यांची सीडी काढली आणि २००५ साली बेन-झ्वी इन्स्टिट्यूटने मल्याळी गाणी हिब्रू भाषांतरासह छापली. पुढे त्याच गाण्यांवर हिब्रू विद्यापीठात पीएच.डी.ही झाली. कोचीनी समाज आपल्याहून कितीतरी लहान. त्यांनी वह्या जपल्या होत्या, आणि विचारायला आलेल्याला त्या उघडून दिल्या, हे विशेष.

आपल्याकडे काय आहे? कोणाकडे आजीची वही असेल, कोणाकडे कीर्तनाची कॅसेट, कोणाकडे मुंबईहून आणलेल्या पेटीत जुनी मासिकं. ती टाकू नका. फोटो काढा, कोणाचं अक्षर, कुठलं गाव, कुठलं साल, हे मागे लिहून ठेवा. संशोधन करणाऱ्या मुलीला पैसे देता आले नाहीत तर जेवण द्या, झोपायला खोली द्या, दोन तास बोला. केहीमकरांना चाळीस वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे आता चाळीस वर्षं नाहीत. ज्यांना ही गाणी येतात, त्या सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, आणि आम्हीही फार मागे नाही.

नातीने चार अर्ज भरले आहेत. उत्तरं यायची आहेत. जायच्या आदल्या रात्री तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशीआजी, तुम्हाला येतं ते एक म्हणा." आम्ही मेंदीचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं नीट आलं. दुसऱ्यात अडलो. अश्कलोनला बहिणीला फोन लावला. तिला दुसरं येत होतं, पण पहिलं विसरली होती. दोघींनी मिळून फोनवर पूर्ण केलं.

तिसरं कडवं कोणाला येत असेल, तर कळवा.