निकाल आपल्या हाती, पैसे तिसऱ्याच्या!

‘गार्निश’ म्हटलं की आपल्याला कोथिंबीर-खोबरं आठवतं. अमेरिकेतल्या कोर्टातलं ‘गार्निशमेंट’ मात्र वेगळं. या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला ‘ताकीद देणं’ हा अर्थ आहे. ऋणकोचे पैसे ज्या तिसऱ्याकडे आहेत, त्याला ताकीद: ते ऋणकोला देऊ नका!

ही प्रथा मध्ययुगीन लंडनच्या व्यापाऱ्यांत रूढ होती. इंग्रजांबरोबर ती अमेरिकेत आली. तिचा एक गमतीदार खटला पाहा. नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅरिसकडून बाल्कला १८० डॉलर येणं होतं, आणि बाल्क स्वतः बाल्टिमोरच्या एपस्टीनचं देणं लागत होता. १८९६ मध्ये हॅरिस माल खरेदीसाठी बाल्टिमोरला गेला, आणि एपस्टीनने त्याच्याकडचे ते १८० डॉलरच कोर्टामार्फत जप्त करवले! १९०५ साली सुप्रीम कोर्टाने हे ग्राह्य धरलं. केवळ अशा जप्तीच्या जोरावर परक्या राज्यात दावा चालवण्याची ही वाट १९७७ मध्ये याच कोर्टाने बंद केली.

१९१३ मध्ये क्लीव्हलंडला लहान दाव्यांचं कोर्ट निघालं. वकिलाविना, थोड्या खर्चात न्याय! पण दावा जिंकला तरी वसुली आपणच करायची असते. त्यासाठी बँकेवर गार्निशमेंटचा हुकूम बजावावा लागतो. पगारातून साधारणपणे चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही, हे १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं. बँकेतल्या शिलकीला त्या कायद्यात अशी सरसकट मर्यादा नाही.

म्हणून कोर्टांना आवर घालावा लागला. निकालाआधीच, न्यायाधीशाने न पाहता खातं गोठवणं १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं. २०११ पासून बँकेला मागच्या दोन महिन्यांत थेट जमा झालेली सोशल सिक्युरिटीची रक्कम आपणहून वाचवावी लागते. इतर सवलती राज्यागणिक वेगळ्या, आणि त्या बहुधा ऋणकोनेच मुदतीत मागाव्या लागतात. घरी कोर्टाचा लखोटा आला तर तो न फोडता ठेवू नये, तो यासाठी.

आपल्याकडेही १९७६ च्या दुरुस्तीने तिसऱ्याकडून वसुलीची तरतूद दिवाणी संहितेत स्पष्टपणे आली. पण १९०८ च्या मूळ संहितेनेच स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्रासारखे धर्मरूढीने न उतरवता येणारे दागिने जप्तीतून वगळले होते. धनकोला त्याचं येणं मिळावं, पण ऋणकोच्या घरची चूलही विझू नये, हा हिशेब दोन्ही देशांच्या कायद्यांनी मांडला आहे.