उकिरड्यापासून पोत्यापर्यंत

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवू आणि आपल्या रानातल्या खताचा, पाण्याचा इतिहास बघू.

राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग केला होता. तो चहा टिकला नाही, टिकला ऊस. १८९५ साली महाराजांनी शाहूपुरी वसवली, तिथं गुळाची पेठ वाढली. भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनी सुरू केलं, ते त्यांच्या पश्चात पुरं झालं. पुढं सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांची नावं आठवा: पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी, वारणा, दूधगंगा-वेदगंगा. सगळ्या नद्याच. ऊस कुणाच्या जिवावर उभा आहे, हे त्या नावांतच आहे.

पूर्वी रानाला खत कुणाच्या हातून जायचं? बाईच्या. गोठ्यातलं शेण, राख, केर पाटीत भरून उकिरड्यावर नेणारी तीच. वर्षभर कुजलेलं खत उन्हाळ्यात गाडीनं रानात जायचं, कुणी मेंढरं बसवायचं. ते खत हळूहळू लागू व्हायचं.

१९१३ साली जर्मनीत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. १९६० नंतर मुंबईत ट्रॉम्बेलाही खत तयार होऊ लागलं. पोत्यानं पीक वाढवलं, हे खरंच. पण खत दुकानातून यायला लागलं आणि त्याचा हिशेब बाईच्या हातून सुटला. शेजाऱ्यानं दोन पोती टाकली, की आपण तीन.

पिकाला न लागलेलं नत्र जातं कुठं? ते पाण्यात विरघळतं. पाटानं भरमसाट पाणी पाजलं, की मुळांच्या खाली उतरून विहिरीत जातं. वळवाच्या पावसात ओढ्यानं नदीला मिळतं. पंचगंगेत जलपर्णी माजते, तिला सांडपाणी जसं पोसतं, तसं हे खतही पोसतं.

ज्या देशाचा चहा नावाजलेला, त्या जपाननंही हे भोगलंय. चहा काय, ऊस काय, दोघांनाही नत्राची भूक मोठी. शिझुओका भागातल्या मळ्यांत पान हिरवंगार यावं म्हणून बेसुमार खत पडलं आणि नत्र तिथल्या पाण्यात उतरलं. मग तिथल्या शेतकऱ्यांनी खत कमी केलं.

मैत्रिणींनो, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर बाळ निळं पडू शकतं, जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय? सुरू उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस एकरी १०० किलो नत्राची आहे, तीही चार हप्त्यांत. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतं. म्हणजे सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं, तरी पाच पोत्यांच्या आत भागतं. माती तपासून घ्या, कदाचित त्याहून कमी लागेल. खत फेकू नका, मातीआड करा. पाऊस दाटून आला असेल तर थांबा. पाला पेटवू नका, सरीत कुजू द्या. ओढ्याकडेचा पट्टा गवताचा ठेवा.

आणि एक. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. नावं नसतील तर गटातल्या पाचजणींची द्या. उकिरड्याचा हिशेब आपल्या आज्जीकडं होता. विहिरीचा आपण ठेवू.