अस्सल, नक्कल आणि आरएक्स १००

मेहरूणमधल्या आमच्या घराच्या ओट्याला लागून एक मोटारसायकल गेली काही वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. यामाहा आरएक्स १००, थोरल्या भावाची. भाईजान गेल्यानंतर ती कुणी चालवली नाही आणि विकायची गोष्टही कुणी काढली नाही. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुतण्याने ताडपत्री काढली आणि म्हणाला, "चाचा, आता हिला बनवायची."

मी विचारले, बनवायची म्हणजे काय? होती तशी करायची, की दुसरीच काहीतरी करायची?

तो जरा गोंधळला. त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ असतात. गंजलेली गाडी आणायची, पार सुटी करायची आणि मग एक तर कारखान्यातून निघाली होती तशी उभी करायची, नाही तर मोठे इंजिन, रुंद टायर लावून तिचे रूपच पालटायचे. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांशी भांडत असतात. त्यातली सर्वांत मानाची गाडी टोयोटा २०००जीटी. १९६७ ते १९७० या काळात ती जेमतेम साडेतीनशे बनली. तिच्या इंजिनाचे मोठे काम यामाहाने केले आणि गाडी जोडली जायची तीही यामाहाच्याच कारखान्यात. तसल्या मोटारी आपल्याकडे कधी आल्या नाहीत. खानदेशातल्या पोरांच्या वाट्याला जपानची जी वेगवान गाडी आली ती दोन चाकांची. पण भांडण तेच: अस्सल ठेवायची की बदलायची?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. गॅरेजात सुटा भाग हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, अस्सल आहे की नकली? दोन्ही शब्द अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आले. अस्ल म्हणजे मूळ. पण नक्ल म्हणजे खोटे नव्हे. नक्लचा जुना अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे असा आहे. उर्दूत वाहतुकीला आजही 'नक्ल-ओ-हमल' म्हणतात. तहसील कचेरीत आपण सातबाऱ्याची नक्कल मागतो, तीही खोटी नसते. या गाडीचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की तो सगळाच या जुन्या अर्थाच्या नकलेचा इतिहास आहे.

सुरुवात एका शाळेत होते. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु इथल्या प्राथमिक शाळेतला अमेरिकन ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. त्याने ऑर्गन उघडला, नीट केला, आणि आतली रचना पाहून तसाच एक स्वतः बनवला. एका सोबत्याबरोबर तो खांद्यावरच्या काठीला अडकवून हाकोनेचा डोंगर पायी ओलांडला आणि तोक्योच्या संगीत विद्यालयात तपासायला नेला. सूर बरोबर लागलेले नाहीत, असे तिथे सांगण्यात आले. मग तो स्वरांचे शास्त्र शिकला आणि दुसरा बनवला. पुढे १८९७ मध्ये त्याची वाद्यांची कंपनी उभी राहिली. यामाहाच्या टाकीवरचे ते तीन काटे सूर जुळवण्याचे आहेत, हे कितीतरी आरएक्सवाल्यांना माहीत नसते.

याच घराण्यातून १९५५ मध्ये मोटारसायकलची वेगळी कंपनी निघाली. तिची पहिली गाडी वायए-१, १२५ सीसीची. ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून उतरवलेली होती. यात लपवण्यासारखे काही नव्हते. महायुद्धानंतर त्याच जर्मन गाडीवरून ब्रिटनने, रशियाने आणि अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसननेही आपापल्या गाड्या काढल्या. जपानी कारागिरांनी मात्र ती उतरवून घेतली आणि तिथेच न थांबता सुधारत नेली.

टू-स्ट्रोक इंजिनाचे सर्वांत मोठे गुपितही असेच प्रवासाला निघाले. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने सायलेन्सरच्या नळीचा अभ्यास केला. नळी मधे फुगवून शेवटी निमुळती केली, तर धुराच्या दाबाची लाट परत फिरते आणि सिलेंडरमधून न जळता निसटणारे पेट्रोल पुन्हा आत ढकलते, हे त्याने कामात आणून दाखवले. १९६१ मध्ये त्याच संघाचा स्पर्धक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. कुठे नकलेने, कुठे चोरीने, कुठे कराराने, पण विद्या हातातून हातात जात राहिली.

भारतात ती कराराने आली. एस्कॉर्ट्स कंपनी पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली राजदूत १७५ आधीपासून बनवत होतीच. १९८३ मध्ये तिने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' या नावाने आणली. दोन सिलेंडर, सहा गिअर. मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती. आपल्याकडे पेट्रोल महाग म्हणून ती सुमारे ३० वर आणली आणि नंतर आणखी कमी केली. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम लावला. म्हणजे आज ज्या राजदूत ३५० ला लोक 'अस्सल' म्हणून जपतात, ती कारखान्यातूनच मॉडिफाय होऊन निघाली होती.

मग १९८५ च्या शेवटी आरएक्स १०० आली. सुझुकी, होंडा आणि कावासाकी याही त्याच एक-दोन वर्षांत भारतीय कंपन्यांचा हात धरून आल्या. होंडाची फोर-स्ट्रोक अॅव्हरेजसाठी घ्यायची, आरएक्स पिकअपसाठी. वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद ११ अश्वशक्ती. शंभर सीसीत हे तेव्हा फार होते. तिच्या इंजिनात पेट्रोल-हवेच्या वाटेवर पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. आतून ओढ लागली की त्या उघडतात, उलटा दाब आला की मिटतात. त्यांना रीड म्हणतात. हामामात्सुच्या त्या ऑर्गनमध्ये सूर काढणाऱ्या पट्ट्यांचेही नाव तेच.

१९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे दिवस संपले. नियम योग्यच होते. हे इंजिन पेट्रोलबरोबर ऑईल जाळते आणि पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर सोडते. तरी गाड्या राहिल्या, कारण मिस्त्री राहिले.

भाईजानची गाडी आम्ही ज्या उस्तादांकडे नेली ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. मेहरूण आणि तांबापुऱ्यातली कितीतरी पोरे या कामात आठवी-नववीतच पडली. शिक्षक म्हणून मला ते कधीच आवडले नाही. पण उस्तादांच्या समोर बसलो आणि जाणवले, की मीही शागिर्दच आहे.

त्यांनी सिलेंडर उघडला आणि आतून बोट फिरवूनच सांगितले, "दोनदा बोअर झालंय." पिस्टन आणि सिलेंडर घासले की सिलेंडर आतून थोडा मोठा करतात आणि एक नंबर मोठा पिस्टन घालतात. पाव-पाव मिलिमीटरने हे वाढत जाते. हिशेब मी घरी कागदावर केला. मूळ व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५०, म्हणून इंजिन ९८ सीसी. चार वेळा बोअर झाले की व्यास ५१ आणि इंजिन १०२ सीसी. म्हणजे नुसत्या दुरुस्तीनेसुद्धा गाडी मूळची राहत नाही. दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, ही रेघ वाटते तितकी ठळक नाही.

आपल्या हवेचाही त्यात वाटा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ पर्यंत चढतो. हवेवर थंड होणारे इंजिन, त्यात ऑईल कमी पडले की पिस्टन धरतो. म्हणून इथले मिस्त्री ऑईलच्या पंपावर विसंबत नाहीत. पंप बंद करून टू-टी ऑईल सरळ पेट्रोलमध्ये मिसळायला सांगतात. कारखान्याच्या पुस्तकात असे नाही, पण खानदेशातल्या उन्हात गाड्या तशा टिकल्या आहेत. मला हीसुद्धा नक्कल वाटते, जपानची विद्या जळगावच्या उन्हात आणून ठेवलेली.

पुतण्याला मात्र हवा होता आवाज. सायलेन्सरच्या आतली नळी काढली की गाडी 'उडते', असे त्याला मित्रांनी सांगितलेले. उस्तादांनी त्याला फैलावर घेतले. म्हणाले, "आवाजानं गाडी पळत नाही बेटा. नळी काढलीस तर खालचा खेच जाईल." काडेनचे नाव त्यांनी ऐकलेले नाही, पण त्याचा सिद्धान्त त्यांना ठाऊक आहे. काम नळीच्या आकाराचे असते, गोंगाटाचे नाही.

कायद्याची बाजू मी सांगितली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. जुन्या गाड्यांना मान देणारा नियमही २०२१ मध्ये आला, पण 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. पहिली आरएक्स १०० सुद्धा तिथे २०३५ च्या आधी पोहोचत नाही, आणि तेव्हाही चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालणार नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला एकट्याला सांगितली. फटफट आवाज करत फिरणारे पोर कुठल्याही वस्तीतले असले तरी लोकांना त्रासच होतो; रुग्ण असतात, अभ्यासाला बसलेली मुले असतात. पण आपल्या वस्तीतल्या पोराचा आवाज बाहेर जरा लवकर ऐकू येतो आणि जास्त दिवस लक्षात राहतो. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. पण वडिलांच्या गाडीवर बसून ते विसरायचे नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे चाचा, सायलेन्सर आहे तोच ठेवू."

मी त्याला एक दोनशे पानी वही दिली आणि अट घातली. डाव्या पानावर लिहायचे काय होते, उजव्या पानावर काय केले. बोअर किती, पिस्टन कुठल्या नंबरचा, कुठली वायर कुणी कधी बदललेली दिसली, आणि उस्ताद काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. कारण उस्तादांचे तीन शागिर्द होते. दोघे नव्या गाड्यांच्या कामाला लागले, एक गुजरातेत गेला. उस्तादांना लिहिता येते ते सहीपुरते. चाळीस वर्षांत त्यांच्या बोटांना जे कळले त्याची एकही नक्कल कुठे नाही. तोराकुसु यामाहाचा ऑर्गन आपल्यापर्यंत पोहोचला, कारण त्याने उघडून पाहिले आणि उतरवून घेतले. आमच्या गॅरेजांमध्ये उघडून पाहणारे पुष्कळ होते. उतरवून घेण्याचे काम आम्हा शिकलेल्यांचे होते आणि ते आम्ही केले नाही. पोर शाळा सोडून गॅरेजात गेले की आम्ही हजेरीपटावरून नाव कमी करत होतो, एवढेच.

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर पुतण्याने उस्तादांना वही वाचून दाखवली. कार्बोरेटरच्या पानावर आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तीन आटे नाही," ते म्हणाले, "दीड लिही. उन्हाळ्यात दीड. थंडीत मी पुन्हा सांगेन."

पुतण्याने खोडले आणि दीड लिहिले.