चौपट म्हणजे काय चौपट?

आम्ही बडोदेकर पाहुण्यांना लक्ष्मीविलास राजवाडा दाखवायला नेतो, तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं : "बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा!" मीही ते कितीदा तरी म्हटलं आहे. गेल्या वारसाफेरीत एका मुलीनं विचारलं, "काका, चौपट म्हणजे काय चौपट? इमारत, की जमीन?" मी गप्प.

घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. वीसेक ठिकाणी तेच आकडे : लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१. सहज भागाकार केला, तर उत्तर जवळजवळ ३७ पट आलं. म्हणजे वाक्यात चौपट आणि आकड्यांत सदतीसपट, तरी कुणाला खटकलं नाही. मलाही इतकी वर्षं कुठे खटकलं होतं?

मग पहिला आकडा ४३,५६० ने भागून पाहिला, कारण एका एकरात तेवढे चौरस फूट असतात. उत्तर आलं बरोब्बर ७००, बाकी शून्य. तिथेच उलगडा झाला. हा राजवाड्याचा आकडाच नव्हे. ही बागा, मैदानं, झाडं धरून ७०० एकर आवाराची मोजणी. बकिंगहॅमचा आकडा मात्र इमारतीतल्या मजल्यांचा. तिथली सुमारे ३९ एकरांची बाग त्यात धरलेलीच नाही. एकाचं शेत मोजलं आणि दुसऱ्याचं घर!

जुन्या बखरींच्या नकला पाहणाऱ्यांना हे नवं नाही. नकलाकार मजकुराबरोबर चूकही उतरवून घेतो. दहा नकलांत तीच चूक सापडली, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच. इंटरनेटवरच्या त्या वीस ठिकाणांचंही तसंच. म्हणून आकडा किती जणांनी दिला यापेक्षा तो कशाचा आहे, कुणी मोजला आणि दोन्हीकडे माप एकच आहे का, हे आधी विचारावं.

खरं सांगायचं तर तपासायचं मनातच आलं नाही, कारण आकडा आपल्या बाजूचा होता. पण सयाजीरावांचं मोठेपण अशा फुगवट्यावर उभं नाही. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं.

पुढच्या फेरीत मी आधी त्या मुलीला उत्तर देणार आहे. आणि छपराला छप्पर मोजून पाहिल्याशिवाय 'चौपट' हा शब्द काही तोंडातून काढायचा नाही.