शिकारीचे अनुमान आणि हाडांची साक्ष

मनोरच्या आसपासच्या वारली पाड्यांत कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे आपण पाहिलेली असतात. त्यांत कधी धनुष्य ताणलेला माणूस आणि पुढे पळणारे जनावर असते. पाठ्यपुस्तकातला 'आदिमानव' आपल्याला चटकन आठवतो आणि मनात दोन्ही चित्रे एकमेकांवर बसतात. हे साम्य मोहक आहे, परंतु ते पुरावा नव्हे. ज्या पिठाने ते चित्र काढले, तेच भातशेतीची साक्ष देते. वारली माणसाला लक्षावधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा नमुना ठरवणे म्हणजे त्याचा स्वतःचा इतिहास पुसून टाकणे होय.

मग आदिम मानवसदृश जीव शिकार करीत होते, हे म्हणायचे कशाच्या बळावर? महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. नेवाशाला प्रवरेच्या पात्रालगत सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांविषयी आणि प्राण्यांच्या जीवाश्मांविषयी ह. धी. सांकलिया यांनी १९५६ साली लिहिले. एकाच परिसरात दगडी हत्यार आणि जनावराचे हाड! शिकारीची कथा रचायला आणखी काय हवे? पण नदी दोन्ही वस्तू वेगवेगळ्या ठिकाणांहून वाहून आणू शकते. एकत्र सापडणे म्हणजे एकत्र घडणे नव्हे.

ही घाई अन्यत्रही झाली. दक्षिण आफ्रिकेतील गुहांमधली मोडकी हाडे पाहून रेमंड डार्ट यांनी १९५३ साली आपल्या पूर्वजांना हिंस्र शिकारी ठरवले. पुढे सी. के. ब्रेन यांनी त्याच प्रदेशातील हाडांची चिकित्सा केली. स्वार्टक्रान्सच्या एका कोवळ्या कवटीवरील दोन छिद्रे बिबट्याच्या सुळ्यांशी जुळली. ज्याला आपण शिकारी मानले, तो तिथे भक्ष्य असावा.

टांझानियातील ओल्डुवाई येथे मात्र पुरावा पायरीपायरीने बळकट झाला. तिथल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी धारेचे ओरखडे असल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. मांस खाल्ले गेले, एवढे ठरले. परंतु सिंहाने टाकलेले उष्टे खाल्ले असेल तर? हा आक्षेप रास्त होता आणि नुसते आणखी ओरखडे मोजून तो मिटणार नव्हता. २०१० साली हेन्री बन आणि ट्रॅव्हिस पिकरिंग यांनी वेगळा प्रश्न विचारला: मेलेली जनावरे कोणत्या वयाची होती? उष्ट्यावर जगणाऱ्याच्या वाट्याला येणारी जनावरे साधारणतः सिंहाने निवडलेल्याच वयाची असणार. दातांच्या झिजेवरून वय काढता मोठ्या कुरंगांत ऐन भरातल्या जनावरांचे प्रमाण सिंहाच्या भक्ष्यांहून अधिक दिसले. निवड दुसऱ्याच कोणाची तरी होती. या निष्कर्षावरही वाद झाले, पण वादाला आता तपासता येईल असा आधार मिळाला.

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये. पाठचिकित्सा करताना आपण हेच करतो. आवडता पाठ खरा मानण्याऐवजी, तो खोटा असता तर हस्तलिखितांत काय दिसले असते, हे विचारतो. प्रतिपक्षाला त्याचे सर्वांत सबळ रूप दिल्यावाचून आपला पक्ष बळकट होत नाही.

म्हणून ओल्डुवाईविषयी शिकारीचे अनुमान धीटपणे करावे, नेवाशाविषयी थांबावे, आणि मनोरच्या भिंतीला ही साक्ष मागूच नये. ती भिंत आजच्या माणसांविषयी बोलते आहे. तिचे बोलणे तेवढ्यासाठीच ऐकले पाहिजे.