कर्बेरॉस आणि संमिश्र संगणक-व्यवस्थेतील ओळखीचा प्रश्न

एकाच कार्यालयात निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे संगणक असले, तरी कर्मचाऱ्यास एकच नाव व एकच परवलीचा शब्द पुरावा, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. तिच्या पूर्ततेचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने आरंभिलेला 'प्रोजेक्ट अथेना' हा उपक्रम होय.

तेथील संगणक सार्वजनिक खोल्यांत असत व समोर बसलेला विद्यार्थी यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकत असे. अशा यंत्राने दिलेल्या ग्वाहीवर मध्यवर्ती सेवांनी विसंबावे कसे? नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आधारे स्टीव्ह मिलर व क्लिफर्ड न्यूमन यांनी 'कर्बेरॉस' ही व्यवस्था रचली. (नाव ग्रीक पुराणांतील पाताळाच्या द्वाररक्षक श्वानाचे, ऋग्वेदातील यमाच्या चार डोळ्यांच्या श्वानांचे येथे स्मरण व्हावे.) तीत परवलीचा शब्द तारेवरून जातच नाही. मध्यवर्ती संगणक कूटबद्ध उत्तर पाठवतो. खरा शब्द जाणणाराच ते उलगडून पुढील सेवांसाठी तिकीट वापरू शकतो. तिकिटास मुदत असल्याने सर्व यंत्रांची घड्याळे जुळावी लागतात; सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही. प्रवेश नाकारला गेल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ अशा चुकलेल्या घड्याळातच असते.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीच्या मसुद्यात तिकिटामध्ये अधिकारविषयक माहितीसाठी एक रकाना मोकळा ठेवला होता. व्यक्ती कोण हे सांगणे आणि तिला काय करता येईल हे ठरवणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. वादाचे बीज याच रकान्यात होते. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कर्बेरॉस स्वीकारले, मात्र त्या रकान्यात वापरकर्त्याच्या गटांची माहिती स्वतःच्या रचनेत भरली. परिणामी युनिक्स संगणकांना विंडोजच्या मध्यवर्ती संगणकाकडून तिकीट घेता येई. उलट युनिक्सवरून दिलेल्या तिकिटात ही माहिती नसल्याने ते विंडोजच्या सेवांना अपुरे पडे. खुला संकेत असूनही वाट एकेरी झाली. २००० मध्ये या रचनेचा तपशील प्रसिद्ध झाला, तोही व्यापारी गुपित मानण्याच्या अटीवर; म्हणजे वाचण्यास मुभा, वापरण्यास मज्जाव.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये युरोपीय आयोगाकडे केलेली तक्रार याहून व्यापक होती. आयोगाने मार्च २००४ मध्ये विंडोज सर्व्हरशी इतरांना जुळवून घेता येईल असा तपशील देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच डिसेंबरात मुक्त प्रणाली 'सांबा'च्या चमूसाठी कागदपत्रे मिळवण्याचा करार झाला. डिसेंबर २०१२ मध्ये सांबाची चौथी आवृत्ती आली आणि विंडोज संगणकांच्या प्रवेशाची मध्यवर्ती व्यवस्था लिनक्स यंत्रावरून चालवणे शक्य झाले.